सुरूची फांदी आणि नाताळचे झाड

(द्वितीय वर्ष, कला)

नाताळचे झाड म्हटले की आपणा सर्वांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. हिरवा त्रिकोण, त्यावर पिंजलेल्या कापसाचा बर्फ आणि शेंड्यावर चांदणी. शुभेच्छापत्रांनी आणि दुकानांच्या काचांनी हे चित्र इतके पक्के करून टाकले आहे की हे झाड मूळचे कोणते, ते घरात का आणतात आणि आणल्यावर त्याला नेमके काय बांधावे, असे प्रश्न सहसा कोणाला पडत नाहीत. प्रस्तुत लेखात मी याच प्रश्नांचा माझ्या कुवतीप्रमाणे विचार करणार आहे. इतिहास हा माझा अभ्यासाचा विषय असला तरी या लेखामागचे खरे कारण घरगुती आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

मी वसईची. आमच्या घरात कॉलेजचा उंबरठा ओलांडलेली मी पहिलीच. त्यामुळे विजेच्या बिलापासून डॉक्टरांच्या चिठ्ठीपर्यंत जे काही वाचायचे, ठरवायचे असेल ते 'तू शिकतेस ना' म्हणून माझ्यापुढे येते. गेल्या नोव्हेंबरात नाताळच्या झाडाचा निकालही असाच माझ्याकडे आला. आमच्या वाडीच्या बांधावर वाऱ्याला आडोसा म्हणून आजोबांनी अकरा सुरू लावले होते. वाडीचा अर्धा भाग विकावा लागला, त्यानंतर दोनच उरले. त्यांची एक फांदी दर नाताळला घरात येते. भावाचे म्हणणे असे की, आता हे पुरे झाले, क्रॉफर्ड मार्केटात प्लास्टिकचे सहा फुटी झाड मिळते ते आणू, लोक हसणार नाहीत. आजीला फांदीच हवी. आई म्हणाली की, कुंडीतले जिवंत झाड मिळते तेही पाहा. वडिलांनी सर्वांचे ऐकून घेतले आणि मला म्हणाले, "तू शिकतेस, तूच सांग." (घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो. येथे छापण्यासाठी प्रमाण भाषेत लिहिले आहे.) त्याच सुमारास वर्गातल्या एका मैत्रिणीने सहज विचारले, "तुमचं ते झाड म्हणजे इंग्रजांची नक्कलच ना गं?" विचारण्यात कुचेष्टा नव्हती. पण 'नाही' म्हणायला माझ्याजवळ काही आधार नव्हता आणि 'होय' म्हणायला जीभ रेटत नव्हती. तेव्हा दोन्ही प्रश्न एकदमच सुटतील तर पाहावे म्हणून वाचू लागले.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट करते. नाताळचा गोठा आणि नाताळचे झाड यांचा वंश वेगळा. गोठ्याची परंपरा जुनी. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी गव्हाणी, बैल आणि गाढव मांडून येशूजन्माचा देखावा उभा केला, तेव्हापासून ही प्रथा पसरत गेली. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांची सत्ता होती. 'नाताळ' हा शब्दच मुळी पोर्तुगीज आहे. गोठ्याची प्रथाही त्याच वाटेने आलेली. झाडाचे मात्र तसे म्हणता येत नाही. चिमाजी आप्पांनी वसई घेतली त्या वेळी खुद्द पोर्तुगालमध्येच नाताळचे झाड नव्हते. तेथे ते १८४० च्या दशकात गेले आणि तेही राणी दुसरी मारिया हिच्या जर्मन पतीमुळे, म्हणजे राजा फर्डिनांडमुळे. हा फर्डिनांड इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचा पती अल्बर्ट याचा सख्खा चुलतभाऊ. एकाच घराण्यातील दोन चुलतभावांनी दोन देशांच्या राजवाड्यांत आपल्या माहेरचे, (पुरुषांच्या बाबतीत हा शब्द चालत असल्यास) झाड नेऊन ठेवले. आमच्याकडे ते इंग्रजी अमदानीत चित्रांतून आणि पुस्तकांतून येऊन पोहोचले असावे, असा माझा तर्क आहे. तेव्हा मैत्रिणीच्या प्रश्नातील 'इंग्रज' येथपर्यंत बरोबर. पण इंग्रजांनी तरी ते कोठून घेतले?

त्यासाठी आल्सास प्रांतात जावे लागते. हा प्रांत आज फ्रान्समध्ये आहे. त्या काळी तो जर्मन सम्राटाच्या राज्याचा भाग होता. तेथील सेलेस्ता या गावच्या हिशेबवहीत १५२१ सालची एक नोंद आहे. संत थॉमसच्या सणापासून, म्हणजे २१ डिसेंबरपासून, जंगलातील झाडांवर पहारा ठेवण्याबद्दल वनरक्षकांना चार शिलिंग दिले, अशी ती नोंद. नाताळच्या झाडाविषयीच्या अगदी जुन्या लेखी पुराव्यांत हिची गणना होते, आणि ती काय सांगते? लोक जंगलात शिरून झाडे तोडून नेत होते आणि ती राखण्यासाठी गावाला पगारी माणसे ठेवावी लागत होती. पुढे १५६१ साली याच प्रांतात असा नियम झाला की, नाताळसाठी कोणाही नागरिकाने एकापेक्षा अधिक झाड घेऊ नये आणि तेही आठ पावलांपेक्षा लांब असू नये. (पाऊल म्हणजे चालण्यातले नव्हे, पायाच्या तळव्याएवढे.) आमच्याकडे समुद्रकाठी सुरूची जी बने आहेत ती वनखात्याची आहेत आणि तेथील फांदी तोडणे गुन्हा आहे. डिसेंबरात तेथील रक्षकांचे काम वाढते. पाचशे वर्षांपूर्वीचे ते चार शिलिंग वाचताना मला प्रथम त्यांचीच आठवण झाली.

आता सजावटीकडे येते. १६०५ साली स्ट्रासबुर्ग शहरात आलेल्या एका प्रवाशाने लिहून ठेवले आहे की, येथे नाताळात लोक दिवाणखान्यात फरची झाडे उभी करतात आणि त्यांवर रंगीबेरंगी कागदाचे गुलाब, सफरचंदे, पातळ भाकरीच्या चकत्या, सोनेरी बेगड आणि साखरेचे पदार्थ टांगतात. या प्रवाशाचे नावही आज कोणाला माहीत नाही, पण घरातल्या झाडाचे इतके तपशीलवार जुने वर्णन दुसरे क्वचितच असेल. ते वाचून मी थक्क झाले. यात कापसाचा बर्फ कोठेही नाही! काचेचे गोळेही नाहीत. आहे तो कागद, बेगड, फळ आणि साखर. सफरचंदाचे कारण अभ्यासक असे देतात की, २४ डिसेंबर हा आदाम आणि एवा यांचा दिवस. त्या दिवशी होणाऱ्या नाटकांत एदेन बागेतील झाड म्हणून सफरचंदे बांधलेले हिरवे झाड रंगमंचावर आणीत. हिवाळ्यात हिरवे राहणारे झाड म्हणजे फर किंवा त्याचे भाईबंद, म्हणून तेच. मार्टिन ल्यूथरने चांदण्या रात्री रानातून येताना झाडामागची नक्षत्रे पाहिली आणि घरच्या झाडावर मेणबत्त्या लावल्या, ही कथा आपण पुष्कळदा वाचतो. ती गोड आहे, पण तिला त्या काळचा काही आधार नाही.

धर्मगुरूंना हे झाड फारसे मानवले नव्हते, ही बाब मला विशेष वाटली. सतराव्या शतकाच्या मध्याला स्ट्रासबुर्गचाच एक धर्मपंडित योहान कोनराड डानहाउअर याने या झाडाला क्षुल्लक बाब ठरवून त्यावर टीका केली. हे कोठून आले कोण जाणे, असा त्याचा सूर. आणि रोममध्ये संत पेत्राच्या चौकात पहिले नाताळचे झाड उभे राहिले ते थेट १९८२ साली, पोप दुसरे जॉन पॉल यांच्या कारकिर्दीत. म्हणजे हे झाड चर्चने घराघरांत पाठवलेले नाही. ते घरात वाढले आणि चर्चच्या दारात फार उशिरा गेले. कोणते झाड आणावे, याचा नियम कोणत्याही धर्मग्रंथात नाही, तो त्यामुळेच.

नियम नव्हता म्हणून लोकांनी काय केले ते पाहावे. फ्रान्सच्या राजघराण्यात दिलेली जर्मन राजकन्या लिझेलोट हिने १७०८ साली एका पत्रात आपल्या हानोवरमधील बालपणाचा नाताळ वर्णिला आहे. तीत टेबलांवर ठेवलेली झाडे बॉक्सची आहेत. बॉक्स म्हणजे आपल्याकडच्या मेंदीसारखे कुंपणाला लावतात ते बारीक पानांचे झुडूप. त्याच्या प्रत्येक फांदीला एक एक मेणबत्ती. इंग्लंडमध्ये १८०० साली विंडसरला राणी शार्लट हिने मुलांसाठी जे झाड सजवले ते यू जातीचे होते. ही राणीही जर्मनच. व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचे कुटुंब झाडाभोवती उभे आहे असे चित्र १८४८ साली 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये छापून आले आणि मध्यमवर्गीय इंग्रजांच्या घरांत झाडाची लाट आली. १८५० साली तेच चित्र अमेरिकेतील 'गोडीज लेडीज बुक' या मासिकाने घेतले. घेताना राणीच्या डोक्यावरचा मुकुट आणि अल्बर्टच्या मिशा तेवढ्या खोडून टाकल्या, म्हणजे ते साधे अमेरिकन कुटुंब दिसावे! नक्कल हा शब्द वापरायचाच तर या मासिकाइतकी प्रामाणिक नक्कल दुसऱ्या कोणी केली नसेल.

बॉक्स, यू, फर, स्प्रूस. ज्या घराला जे हिरवे झाड जवळ मिळाले ते त्याने घेतले. मग वसईच्या घराने सुरू घेतला तर तो खऱ्या झाडाच्या जागी बसवलेला बदली गडी कसा ठरतो? माझ्या मते ठरत नाही.

सुरूविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण आपल्यापैकी पुष्कळांना तो पाइनचाच प्रकार वाटतो. तसे नाही. पाइन, फर, स्प्रूस यांना फुले येत नाहीत, शंकूत बी धरते. सुरू हा सपुष्प वृक्ष आहे. त्याची जी सुईसारखी पाने आपण म्हणतो ती पाने नव्हेतच, त्या बारीक हिरव्या डहाळ्या आहेत. खरी पाने म्हणजे त्या डहाळीच्या प्रत्येक सांध्यावरचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे खवले. लहानपणी आम्ही डहाळी एका सांध्यावर हलकेच उपसून परत बसवायचो आणि कोठे तुटली ते दुसऱ्याला ओळखायला सांगायचो. तो खेळ या सांध्यांमुळेच जमतो. सुरू आपल्या किनाऱ्यावरचा मूळचा रहिवासीही नव्हे. त्याचे घर ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशिया. कारवारकडे १८६८ च्या सुमारास त्याची लागवड सरपणासाठी झाली आणि पुढे वाळू धरून ठेवणारा, वारा अडवणारा म्हणून तो किनाऱ्याने सर्वत्र पसरला. तेव्हा झाडही पाहुणे आणि प्रथाही पाहुणी. दोघांचीही आमच्या वाडीत आता चौथी पिढी आहे.

युरोपात आज झाड निवडतात ते कसे, तेही सांगते. बाजारात मुख्यतः दोन प्रकार. नॉर्वे स्प्रूस हा जुना आणि स्वस्त. त्याच्या सुया चौकोनी, टोचणाऱ्या, आणि उबदार खोलीत त्या लवकर गळतात. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात नॉर्वेहून १९४७ पासून भेट म्हणून दर वर्षी येणारे झाड याच जातीचे. दुसरा नॉर्डमन फर. त्याच्या सुया चपट्या, मऊ आणि चिवट. ओळखायची सोपी खूण म्हणजे स्प्रूसचे शंकू खाली लोंबतात, फरचे शंकू फांदीवर उभे राहतात. झाड ताजे आहे की नाही हे पाहण्यासाठी फांदी मुठीत धरून हात बाहेरच्या बाजूला ओढतात. हातात सुया आल्या तर ते झाड सोडून द्यायचे. बुंधा जमिनीवर आपटूनही पाहतात. घरी आणल्यावर बुंध्याचा खालचा बोटभर भाग करवतीने नव्याने कापतात, कारण जुन्या कापावर राळ साचून पाणी वर चढत नाही. मग पाण्याच्या घडवंचीत उभे करून ते शेगडीपासून दूर ठेवतात.

नॉर्डमन फरची रोपे डेन्मार्कसारख्या देशांत शेतावर वाढवतात आणि माणसाच्या उंचीचे झाड व्हायला आठ-दहा वर्षे लागतात. पण त्यांचे बी बहुतांशी येते ते जॉर्जियातील राचा या डोंगराळ भागातून. तेथे माणसे तीस-तीस मीटर उंच झाडांवर चढून शंकू उतरवतात. हे वाचल्यावर मला आमच्याकडे माडावर चढणारी माणसे डोळ्यांपुढे आली. शेंड्यावर कोणीतरी चढल्यावाचून खालच्या सणाला फळ लागत नाही, हे तेथेही तसेच.

प्लास्टिकच्या झाडाला मी सरसकट नावे ठेवणार नाही. बनावट झाड ही आजची टूम नव्हे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत जंगले कमी होऊ लागली, तेव्हा हंसाची पिसे हिरवी रंगवून ती तारेवर गुंडाळून झाडे करीत. ज्या घरात जागा नाही, जवळ झाड नाही, आणि एकदा आणलेले झाड जे लोक वर्षानुवर्षे माळ्यावरून काढून परत लावतील, त्यांच्यासाठी प्लास्टिक ठीक आहे. तीन वर्षांत त्याच्या सुया झडून ते कचऱ्यात जाणार असेल तर मात्र तो सौदा वाईट, कारण ते कुजत नाही आणि जळले तर विषारी धूर करते. भावाला मी हेच सांगितले. त्यावर तो म्हणाला की, तू फक्त महाग आहे एवढेच सांगायचे होतेस. त्याचेही बरोबर आहे.

कुंडीतले जे झाड 'ख्रिसमस ट्री' म्हणून आपल्याकडच्या रोपवाटिकांत विकतात ते अरोकेरिया. मजले मजले रचल्यासारख्या त्याच्या फांद्या असतात आणि दिसायला ते खरोखर सुबक असते. ते नॉरफोक बेटावरचे म्हणून विकले जाते, पण पुष्कळदा ते न्यू कॅलिडोनिया बेटावरचे कुक पाइन असते. या कुक पाइनविषयी २०१७ साली शास्त्रज्ञांनी एक अजब गोष्ट नोंदवली. जगात ते कोठेही लावले तरी विषुववृत्ताच्या दिशेला झुकते! म्हणजे आपल्याकडे दक्षिणेला. कुंडीत पाच-सात वर्षे ते नाताळला घरात आणता येईल. नंतर जमिनीत लावावे लागेल आणि ते इमारतीएवढे वाढेल. आमच्या उरलेल्या अर्ध्या वाडीत ते लावले तर दक्षिणेचा शेजारी पहिल्या दिवसापासून कुंपणापाशी उभा राहील. ज्यांच्याकडे मोकळे आवार आहे त्यांनी मात्र याचा जरूर विचार करावा. आपल्या कॉलेजचे आवार पुरेसे मोठे आहे, हेही जाता जाता सुचवते.

अशा रीतीने मी सुरूच्या बाजूने कौल दिला. आजीला आनंद झाला, पण तिने लगेच बजावले की, शेंडा तोडायचा नाही. हे तिचे शास्त्र बरोबर आहे. शेंडा घेतला तर झाडासारखा नेटका आकार आयता मिळतो, परंतु सुरूची वाढ तेथे अडते. दोनच सुरू उरलेले असताना ती चैन परवडणारी नाही. म्हणून खालच्या बाजूच्या चार-पाच फुटी दोन फांद्या निवडायच्या. एक अंमळ सरळ असावी, दुसरी भरगच्च. दोन्ही पाठीला पाठ लावून सुतळीने तीन ठिकाणी बांधल्या की एका बाजूचा बोडकेपणा झाकला जातो. फांदी २३ डिसेंबरच्या संध्याकाळी, ऊन उतरल्यावर कापावी. आमच्या अनुभवाप्रमाणे ती पाच-सहा दिवस चांगली हिरवी राहते, मग पिवळसर पडते. रंगाचा रिकामा डबा घेऊन त्यात ओली रेती ठासून भरायची, तळाशी दोन विटांचे तुकडे घालायचे, म्हणजे वाऱ्याने डबा कलंडत नाही. रेतीवर रोज तांब्याभर पाणी. ज्यांचे घर एका खोलीचे आहे त्यांनी दीड-दोन फुटांची फांदी टेबलावर ठेवावी. जर्मनीत जुन्या काळी झाडे टेबलावरच असत आणि विंडसरच्या त्या प्रसिद्ध चित्रातले झाडही टेबलावरच आहे.

सुरूच्या डहाळ्या लवचीक असतात. काचेचा गोळा अडकवला की फांदी मान टाकते. या काचेच्या गोळ्यांचीही एक कथा आहे. थुरिंगियातील लाउशा हे काचकामाचे गाव. तेथे १५९७ पासून काचेची भट्टी. एका गरीब कारागिराला झाडावर टांगायला सफरचंदे आणि अक्रोड परवडेनात, म्हणून त्याने ती काचेची फुंकली, असे सांगतात. कथा खरी असो वा नसो, १८४७ च्या सुमारास तेथे हा धंदा सुरू झाला हे खरे. काच पुरुष फुंकीत, आतून चांदीसारखा मुलामा देणे आणि वरून रंगवणे हे काम घरातील बायका आणि मुले करीत. १८८० पासून वुलवर्थ या अमेरिकन दुकानदाराने ते गोळे विकत घेऊन अमेरिकेत नेले. आज यातले बहुतेक काम चीनमधल्या यिवू शहरातील कारखान्यांकडे गेले आहे. दुकानात जो चकचकीत लाल गोळा आपण पाहतो तो खऱ्या सफरचंदाचा असा नातू आहे.

नातवापेक्षा आजोबाच सुरूला अधिक पेलतात, असे मला वाटते. म्हणून १६०५ च्या त्या प्रवाशाचे वर्णन मी वहीत उतरून घेतले आणि तेच आमच्या सजावटीचे टिपण केले. कागदाचे गुलाब पतंगी कागदाचे. दिवाळीच्या आकाशकंदिलाचा उरलेला कागद घरात होताच. आमच्याकडे नाताळची चांदणीही कंदिलाप्रमाणेच बांबूच्या कामट्या, दोरा आणि खळ यांनी करतात. कामट्या तासणारे हात तेच, फक्त आकार सहा बाजूंचा न करता पाच टोकांचा करायचा. सोनेरी बेगडाच्या पट्ट्या कापून डहाळ्यांना वळसे दिले. सफरचंदाच्या जागी लाल पिकलेल्या बोरांची माळ. बोरे हलकी असतात आणि डिसेंबरात बाजारात येऊ लागतात. भाकरीच्या चकत्यांसाठी आईने मैद्याच्या पातळ गोल चकत्या तव्यावर कोरड्या भाजून दिल्या, त्यांना सुईने भोक पाडून दोरा ओवला. साखरेचा विचार मात्र मुंग्यांमुळे सोडून द्यावा लागला. स्ट्रासबुर्गच्या थंडीत मुंग्या नसाव्यात. कापूस मी वगळला. कापूस कोणी लावला तर माझा विरोध नाही, पण वसईत कधी न पडलेला बर्फ सुरूवर पाडण्याची सक्ती कोणत्याही जुन्या वर्णनात आढळली नाही.

लावण्याचा क्रम असा ठेवावा. आधी दिव्यांची माळ, ती खोडापाशी आतून बाहेर फिरवीत वर न्यावी, म्हणजे वायर दिसत नाही. मग बेगड, मग फुले. मोठी फुले खाली आणि आत, लहान फुले वर आणि टोकांकडे. चांदणी सर्वांत शेवटी, आणि ती फांदीला न बांधता मागच्या भिंतीवरील खिळ्याला बांधावी, कारण सुरूचा शेंडा तिचे वजन घेत नाही. मेणबत्त्या लावू नयेत. युरोपात त्या लावीत तेव्हा शेजारी पाण्याची बादली घेऊन कोणीतरी उभे असे आणि काही मिनिटांतच त्या विझवीत. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने १८८२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधील आपल्या घरी लाल, पांढरे, निळे असे ८० विजेचे दिवे झाडावर लावले आणि झाडच गोल फिरत ठेवले, तेव्हापासून ही भीती कमी होत गेली. आजचे एलईडी दिवे तापत नाहीत. तरीही वाळलेली फांदी आणि उघडी वायर एकत्र ठेवू नये. माळेचे पैसे भावाने दिले. प्लास्टिकच्या झाडाचे वाचले त्यातूनच, असे तो प्रत्येक पाहुण्याला सांगत होता.

आमच्या झाडाला एक उणीव आहे आणि ती मान्य करते. फरला राळेचा जो सुवास असतो तो सुरूला नाही. नाताळच्या आठवड्यात घरात वास असतो तो कलकल आणि करंज्या तळण्याचा, तो झाडाच्या वाट्याचाही समजावा.

जर्मनीत मुलांना ६ जानेवारीच्या सणाला झाड हलवून वरचा खाऊ पाडून घेण्याची मुभा असे. आमच्याकडे बोरांची माळ २७ तारखेलाच संपली. चकत्या त्याआधीच नरमल्या. गुलाब मी उतरवून बुटांच्या खोक्यात ठेवले आहेत. एकंदर चौतीस केले होते, त्यातले एकोणतीस पुढच्या वर्षी चालतील. फांद्यांच्या डहाळ्या वडिलांनी केळींच्या आळ्यात पसरल्या आणि जाड काठ्या आजीने पाणी तापवण्याच्या चुलीसाठी घेतल्या. सुरूचे सरपण चांगले जळते, कारवारला त्याची लागवड झाली ती त्यासाठीच.